पान मांडून जेवायचं: बारा आठवड्यांच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

आजपासून वही सुरू. कामाच्या जुन्या हिशेबाची अर्धी वही कोरी होती, तीच घेतली.

कारण आधी लिहून ठेवते. मागच्या बुधवारी धाकट्याला कडेवर घेऊन जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा धरून खाली बसले, बाळाला छातीशी आवळून. थोरली वरून हाका मारत होती. दोन मिनिटांत बरं वाटलं, पण ती दोन मिनिटं डोक्यातून जात नाहीत. शनिवारी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.८. गरोदर नसलेल्या बाईचं ते किमान १२ तरी असावं लागतं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लंत?" थोरलीने काय खाल्लं ते मी घासाघासाने सांगितलं असतं. धाकट्याने किती चमचे पेज घेतली तेही. माझं मला आठवेना.

बाळंतपणानंतर लोहाच्या गोळ्या सहा महिने, म्हणजे १८० दिवस घ्यायच्या असतात. मी दीड महिन्यात सोडल्या होत्या. पोटात मळमळायचं, आणि आठवण करायला कुणी नव्हतं.

तर बारा आठवडे, २४ ऑगस्टपर्यंत. मोजायच्या तीनच गोष्टी. हिमोग्लोबिन. नाश्ता धरून आठवड्याच्या २१ जेवणांपैकी बसून किती जेवले. आणि आठवड्यात किती मिनिटं व्यायाम झाला. वजन मोजणार नाही. मी अंगावर पाजते आहे, आत्ता मला कमी व्हायचं नाही, मला ताकद हवी आहे.

घरची परिस्थिती: थोरली पावणेचार वर्षांची, धाकटा साडेसात महिन्यांचा. हे कंपनीत तीन पाळ्यांमध्ये. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी अर्धा स्वयंपाक त्याच करतात. मी घरूनच दुकानदारांचे हिशेब लिहिते, रोज तीनेक तास.

५ जून, गुरुवार

कालचा दिवस जसाच्या तसा. सकाळी साडेसहाला चहा, दोन बिस्किटं. पावणेनऊला थोरलीचा डबा भरताना उरलेला पोळीचा तुकडा. अकराला चहा. दीडला एक पोळी, बटाट्याची भाजी आणि थोरलीने ताटात टाकलेला वरणभात. पाचला चहा, मूठभर चुरमुरे. रात्री साडेनऊला सगळ्यांचं झाल्यावर आमटीभात, तोही अर्धा, कारण धाकटा उठला.

त्या वरणभाताबद्दल लिहायलाच हवं, कारण तो रोजचा आहे. गार झालेला, वर साय धरलेला, त्यात तिने बोटांनी काढलेल्या रेघा. अन्न टाकवत नाही. ओट्याशी उभी राहून, एका हातात बाळ, दुसऱ्या हाताने मी तो दोन-तीन घासांत संपवते आणि तोच हात नळाखाली धरते. जेवायला बसले कधी आणि उठले कधी, हे पोटालाही कळत नाही.

रात्री प्रथिनांचा हिशेब मांडला. ढोबळच आहे, पण ओढूनताणून ३२ ग्रॅम झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम लागतात, आणि बाळ सहा महिन्यांचं झाल्यानंतर पाजत असेल तर वर आणखी १३. म्हणजे मी निम्म्याच्या जरा वर आहे. बाळाला दूध पुरतंय. मग ते येतंय कुठून, हा विचार रात्रभर मनात राहिला.

८ जून, रविवार

पहिल्या आठवड्याचा आकडा: २१ पैकी ४. चारही रात्रीची जेवणं, हे पहिल्या पाळीला असताना. व्यायाम शून्य मिनिटं. दिवसभर पायाला भिंगरी असते, ते मी यात धरलेलं नाही. दमणं वेगळं आणि अंग कमावणं वेगळं.

११ जून, बुधवार

चहाची जागा बदलली. गोळी मी सकाळी चहाबरोबरच घेत होते. चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही, आणि दुधातलं कॅल्शियमही आड येतं. म्हणजे गोळी घेऊनही बरीचशी वायाच गेली. आता गोळी सकाळी अकराला लिंबूपाण्याबरोबर, आणि तिच्या आधी तास-दीड तास व नंतर तासभर चहा नाही. जेवणानंतरचा चहाही तासभर पुढे ढकलला. अकराच्या चहाची सवय मोडताना दोन दिवस डोकं दुखलं.

पालेभाजी लोखंडी कढईत करायला लागले. ती माळ्यावर पडून होती, गंजलेली. चिंचेचा कोळ घालून उकळली, घासली, तेल लावून ठेवली. तांदुळजा आणि राजगिऱ्याचा पाला सध्या मंडईत छान येतोय. ताटात लिंबाची फोड रोज, चुकवायची नाही. लिंबामुळे पालेभाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. आपल्याकडे पानात डावीकडे मीठ-लिंबू आधी वाढतात, ते मी गेली चार वर्षं फक्त सणालाच केलं होतं.

१५ जून, रविवार

२१ पैकी ७.

या आठवड्यात एक गोष्ट चांगली बसली. आमच्याकडे तीन स्वयंपाक व्हायचे: धाकट्याचा बिनमिठाचा, थोरलीचा बिनतिखटाचा आणि मोठ्यांचा. त्यातच माझा जेवायचा वेळ जायचा. आता स्वयंपाक एकच. कुकरमध्ये मुगाची डाळ, भात, गाजर किंवा लाल भोपळा. शिजलं की मीठ घालायच्या आधी धाकट्याची वाटी काढून घोटायची, वर अर्धा चमचा तूप. वर्षाच्या आत त्याला मीठ-साखर नाही, मध तर अजिबात नाही. मग मीठ, हळद, जिऱ्याची फोडणी देऊन थोरलीचं काढायचं. शेवटी उरलेल्यावर लसूण-मिरचीची फोडणी, ते आमचं. नाचणीचंही तसंच: एकाच पिठाची त्याला पेज, आम्हाला भाकरी. पाजणाऱ्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि धान्यांत नाचणीइतकं कॅल्शियम दुसऱ्या कशात नाही. ती फक्त बाळासाठी दळून आणायची हे मला आता पटत नाही.

पाऊण तास वाचला. तो जेवायला वापरायचा, भांडी घासायला नाही. हे वहीत लिहून ठेवते आहे, कारण उद्या हात आपोआप भांड्यांकडे जाणार.

१९ जून, गुरुवार

आज सासूबाईंशी बोलणं झालं. मी दुपारी बाराला पान मांडून बसले. धाकटा खालीच चटईवर वाटी आपटत होता. थोरलीला शाळेतून यायला अर्धा तास होता. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"लेकरं जेवायच्या आधीच बसलीस होय गं?"

रागाने नाही म्हणाल्या, खरंच नवल वाटलं त्यांना. मी म्हटलं, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय." हे अर्धंच खरं होतं. डॉक्टरांनी खा म्हणून सांगितलंय, आधी खा असं नाही. ते माझं मीच ठरवलंय. कारण सगळ्यांनंतर जेवले की उरलेलं जेवते, आणि उरलेल्यात भात असतो, पोळी असते. उसळ नसते, दही नसतं, अंडं तर नसतंच.

मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि आपलं सांगायला लागल्या. माण तालुक्यात त्यांचं सासर, घरात चौदा माणसं. आधी पुरुष, मग मुलं, मग म्हाताऱ्या, आणि सुना शेवटी. कालवण संपलेलं असायचं. दोघी जावा भाकरीवर चटणी आणि तेल घेऊन खायच्या. यांच्या वेळेला बाळंतपणात सव्वा महिना माहेरी डिंकाचे लाडू, अहळिवाची खीर, शेपू, तूप, सगळं मिळालं. "आणि परत आल्यावर?" मी विचारलं. "परत आल्यावर काय, कोण विचारतंय? पोर आलं, काम झालं." बोलताना त्या आपला गुडघा चोळत होत्या. त्यांचं हिमोग्लोबिन आयुष्यात किती वेळा तपासलं असेल? मी विचारलं. बाळंतपणं सोडली तर कधीच नाही.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आमच्या ओट्याशी उभं राहिलं की त्याचं एक कारण समोर दिसतं. घरात अन्न आहे. प्रश्न बसण्याच्या क्रमाचा आहे.

२२ जून, रविवार

२१ पैकी ९. व्यायाम ३५ मिनिटं.

आधीच्या काळी मी आठवड्यातून तीनदा अजिंक्यताऱ्यावर जायचे. डोक्यात तेच होतं, की व्यायाम म्हणजे किल्ला चढणं, आणि ते जमत नाही म्हणजे काहीच जमत नाही. शिवाय साताऱ्याचा पाऊस सुरू झालाय. काल फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. त्यांनी उताणं झोपवून, गुडघे मुडपून, डोकं जरा उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर बोटं ठेवली. पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमध्ये अडीच बोटांची फट. गरोदरपणात पोट ताणलं की ती पडते, काहींची आपोआप मिटते, माझी राहिली. म्हणून पोटावर जोर देऊन उठायचे व्यायाम आत्ता करायचे नाहीत. अंथरुणातून उठतानाही कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठायचं.

करायचं ते साधं आहे. खोल श्वास, सोडताना पोट आत. पाय मुडपून कंबर वर उचलणं. खुर्चीवरून हात न टेकता उठबस. भिंतीला हात लावून जोर. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, पण २०२० च्या सूचनांत एका वेळी सलग दहा मिनिटं हवीतच ही अट त्यांनी काढली. मला याचा फार आधार वाटला. माझ्याकडे सलग असं काही नाहीच.

२९ जून, रविवार

थोरलीला ताप, मग धाकट्याला. चार रात्री जागरण. नोंदी नाहीत. गोळी दोनदा राहिली. सासूबाईंनी रोज दुपारी ताट वाढून खोलीत आणून दिलं.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सासूबाईंचा निरंकार. मी दरवर्षी करते, यंदा त्यांनीच सांगितलं की पाजणारीने कडक उपवास करायचा नसतो, विठोबाला कळतं. पण घरात उपासाचंच होणार. नुसती साबुदाण्याची खिचडी खाल्ली की दुपारपर्यंत गळून जायला होतं, म्हणून भगर, दाण्याची दाट आमटी, वाटीभर दही, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू आणि दूध. दिवसभर पाण्याचा तांब्या जवळ ठेवला. चक्कर नाही, दूध कमी नाही.

आठवडा: २१ पैकी ११. व्यायाम ७० मिनिटं.

१४ जुलै, सोमवार

चुकत काय होतं ते सहा आठवड्यांनी सापडलं. मी रोजचं एकच वेळापत्रक करत होते आणि ते दर आठवड्याला मोडत होतं, कारण यांची पाळी बदलते. काल रात्री दोघं बसलो आणि तीन वेळापत्रकं केली. पहिली पाळी असेल तर हे साडेतीनला घरी येतात. पाच ते साडेपाच मुलं त्यांच्याकडे, मी छत्री घेऊन चालायला. दुसरी पाळी असेल तर सकाळी साडेसहा ते सात माझे. रात्रपाळी असेल तर त्यांना झोप हवी, मग त्या आठवड्यात घरातलेच व्यायाम, आणि चालणं फक्त रविवारी. रात्रपाळीच्या आठवड्यात आकडा कमी येणार हे आधीच लिहून ठेवलं, म्हणजे वाईट वाटत नाही.

हे म्हणाले, "मला वाटायचं तुला मदत लागली की तू सांगशील." मी म्हटलं, "अहो, सांगायलाही वेळ लागतो." त्यावर काही बोलले नाहीत. आज पाच वाजता स्वतःहून चपला पायाशी आणून ठेवल्या.

२२ जुलै, मंगळवार

हिमोग्लोबिन ११.१. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, १२ च्या वर गेलं तरी गोळ्या तीन महिने चालू ठेवायच्या, शरीराचा साठा भरायला तेवढा वेळ लागतो. गेल्या वेळी मधेच सोडल्या होत्या, तीच चूक.

खाण्यात आता रोज एक वाटी उसळ आहे. मटकी, हुलगे, आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा. वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आमच्यासाठी तो शेजारच्या तालुक्यातला. रात्री भिजत घालायचा, सकाळी कुकरच्या पाच शिट्ट्या. थोरली त्याच्यावरच्या लाल रेघा बघून "वाघाची आमटी" मागते. दुपारी उसळ, दही, एक अंडं किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे, दोन वेळा दूध: हिशेब ५५ ग्रॅमच्या आसपास जातोय. वेगळी पावडर आणावी लागली नाही.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

आजची नोंद लिहू की नको असं झालं होतं. लिहिते.

श्रावणातला पहिलाच मंगळवार आणि नागपंचमीही. चुलत नणंदेची लग्नानंतरची पहिली मंगळागौर, वाईला. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडलेली, वर तूप. पोटभर बसून जेवले. रात्री जागरणाचे खेळ सुरू झाले. झिम्मा, पिंगा, मग फुगडी. माझी जोडी जाऊबाईंशी. हात धरले, पाय जुळवले, गिरकी घेतली. चौथ्या-पाचव्या उडीला लघवीचे थेंब गेले. आवरता आले नाहीत. मी हात सोडून पायात गोळा आला म्हणून बाजूला बसले. साडी गडद रंगाची होती, कुणाला दिसलं नाही, पण माझे कान तापले होते.

मागच्या खोलीत साडी बदलताना जाऊबाई आल्या. मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला शिंकलं तरी होतं, सात वर्षं झाली." थोरल्या नणंदेनेही मान हलवली. तिघींची मिळून पाच बाळंतपणं, आणि तिघींनीही हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, नवऱ्याला नाही, एकमेकींना तर नाहीच. हा बाईपणाचा भागच आहे असं धरून चाललो होतो.

४ ऑगस्ट, सोमवार

फिजिओथेरपिस्ट ताईंना विचारलं. त्यांनी अगदी सहज घेतलं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणात ताणले जातात, दंडाच्या स्नायूंसारखेच ते कमावता येतात. अर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, म्हणून त्यांना केगल म्हणतात. लघवी आणि वारा दोन्ही रोखून धरतो तसं आतून वर ओढायचं, पाच आकडे धरायचं, पाच आकडे पूर्ण सैल सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांड्या आणि पार्श्वभाग आवळायचा नाही, श्वास कोंडायचा नाही, आणि लघवी करताना मधेच रोखून सराव करायचा नाही. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. धाकट्याला उचलताना आधी हे स्नायू वर ओढायचे, मग श्वास सोडत उचलायचं.

वेळ वेगळा काढायचा नाही हे यातलं मोठं सुख. पाजताना एकदा, थोरलीला झोपवताना एकदा, कुकर ठेवून शिट्टीची वाट बघताना एकदा. जाऊबाईंना फोनवर सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं, मला आवाज येत होता पेनाचा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

खुर्चीवरची उठबस आता धाकट्याला छातीशी धरून करते. तो साडेआठ किलोचा आहे, दर वेळी वर आलं की खिदळतो, म्हणून बारा कधी होतात कळत नाही. पोटाची फट दीड बोट. आज भाजीची पिशवी आणि बाळ घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता आले. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या कठड्यापाशी आपोआप पाऊल सावकाश पडलं, पण हात लावावा लागला नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

२१ पैकी १५. व्यायाम ११० मिनिटं, त्यात चालणं ७०.

राहिलेल्या सहांपैकी पाच नाश्ते आहेत. सकाळी आठ ते नऊमध्ये थोरलीची वेणी, डबा, रिक्षा. त्या तासात बसणं होणार नाही, हे मान्य करते. म्हणून नाश्ता साडेसातला, ती उठायच्या आधी, आणि रात्रीच तयारी. दोन आठवड्यांचं थालीपिठाचं भाजणीपीठ केलं. सातूचं पीठ गूळ-दूध घालून दोन मिनिटांत होतं. भिजवलेले हरभरे आणि रात्रीची भाकरी कुस्करून दही घातलं तरी चालतं.

२४ ऑगस्ट, रविवार

बारा आठवडे झाले. हिमोग्लोबिन काल ११.९. बसून जेवणं २१ पैकी १७. व्यायाम १२५ मिनिटं. १५० झाली नाहीत. शिंकलं की अजून कधीकधी होतं, आधीपेक्षा कमी.

सकाळी पाऊस उघडला होता. हे घरी होते, म्हणून थोरलीला घेऊन तिघं अजिंक्यताऱ्याच्या वाटेने निम्म्यापर्यंत गेलो. ती दमली, तिथून खांद्यावर. वर गेलो नाही.

वही पुढे चालू ठेवते. येत्या आठवड्याची कामं: बुधवारी गणपती. ३१ तारखेला गौरी येणार, १ सप्टेंबरला गौरीजेवण, घरात बावीस माणसं. सोळा भाज्या, पुरण, घावन-घाटलं. माझी गोळी अकरालाच, फोनमध्ये गजर लावलाय. धाकट्याची वाटी मिठाच्या आधी काढायची. जाऊबाई आदल्या दिवशी येतायत. आमचं ठरलंय की पहिल्या पंगतीला मुलांबरोबर सासूबाई बसतील, खुर्ची-टेबल लावून, आणि वाढायला आम्ही दोघी आणि हे. दुसऱ्या पंगतीला आम्ही दोघी, तेव्हा वाढायला पुरुष. उसळ आणि कोशिंबीर दोन पातेल्यांत वेगळी काढून ठेवायची, दुसऱ्या पंगतीपर्यंत पुरायला हवी. उद्या, सोमवारी सकाळी सासूबाईंना रक्त तपासायला घेऊन जायचंय, उपाशीपोटी, साडेआठच्या आत. पंगतीचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.